‘दुसरा कान आहे ना’: एका कानाचं ऐकू येणं अचानक गेल्यावर

प्रश्न थोडक्यात असा: “मी ४४ वर्षांची, एका पतसंस्थेत रोखपाल आहे. अडीच महिन्यांपूर्वी सकाळी उठले तर उजव्या कानाला दडा बसलेला. फोन कानाला लावला तर काहीच ऐकू येईना, वाटलं फोनच बिघडला. जवळच्या डॉक्टरांनी मळ किंवा सर्दी असेल म्हणून ड्रॉप्स दिले. अठरा दिवसांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला आणि उजवा कान ९५ डेसिबलवर गेलाय, म्हणजे नस गेली, असं सांगितलं. डावा कान नॉर्मल आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली, एमआरआयमध्ये काही निघालं नाही. ऐकू मात्र आलं नाही. कानात सतत शिट्टी वाजते. घरचे म्हणतात, दुसरा कान आहे ना. काउंटरवर रकमेची चूक होईल या धास्तीनं नोकरी सोडावी असं वाटतं. ऐकू परत येईल का? मशीनचा उपयोग होईल का? दुसराही कान जाईल का?”

ताई, मी २२ वर्षं ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, म्हणून काम करते आणि तुमच्यासारखी सुरुवात असंख्य वेळा ऐकली आहे. सकाळी उठले आणि कान बंद. फोन बिघडला असं वाटणंही अगदी नेहमीचं, कारण एरवी आपला कुठला कान किती ऐकतो हे कोण तपासून बघतं?

आधी कठीण प्रश्नाचं उत्तर देते. अशा दुखण्यात जे काही परत यायचं असतं ते बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतं. तीन महिन्यांनंतर फारसं काही बदलत नाही. तुमचा कान ९५ वर आहे, म्हणजे त्याहून बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही, आणि अडीच महिने झालेत, त्यामुळे “येईल हो हळूहळू” असं मी म्हणणार नाही. सहा महिने व्हायच्या आत एकदा परत ऑडिओग्राम काढून घ्या. पण त्या तारखेकडे डोळे लावून बसू नका. आहे त्या कानावर दिवस बसवायला आजपासूनच लागायला हवं.

आता ते अठरा दिवस. तुम्ही उघड विचारलेलं नाही, पण प्रश्नात दिवस मोजून लिहिलेत, म्हणजे ते मनात सलताहेत. लवकर उपचार सुरू झाले तर शक्यता वाढते, हे खरं आहे. स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करावं असं मानतात, आणि जितकं आधी तितकं बरं. पण पहिल्याच दिवशी गोळी घेऊनही ज्यांचा कान आला नाही असे लोक माझ्यासमोर बसलेत, आणि काहीही न घेता आठवड्यात ज्यांचा कान उघडला असेही बसलेत. कान जितका खोल गेलेला, तितकी परतण्याची आशा कमी. तुमचा फार खोल गेला होता. पहिल्या दिवशी गेला असतात तर काय झालं असतं, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस नाही. त्या डॉक्टरांकडून चूक झाली, तुमच्याकडून नाही. तुम्ही दुखणं घेऊन डॉक्टरांकडे गेलात, माणूस आणखी काय करतो?

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी इथे थोडं थांबते, कारण ती चूक टाळता येण्यासारखी आहे. एक कान अचानक बंद झाला तर ओठ मिटून “म्‌म्‌म्‌” असा घुमारा काढा. तो बंद कानात जास्त घुमला तर बहुधा मळ किंवा पडद्यामागचं पाणी. चांगल्या कानात जास्त घुमला तर अडचण आतल्या कानात किंवा नसेत असण्याची शक्यता मोठी. डॉक्टर हेच ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की घुमणारा धातूचा चिमटा, कपाळावर टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. घुमारा कुठेही येवो, कान तपासून मळ दिसला नाही तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑडिओग्राम झालाच पाहिजे. तीन दिवसांच्या आत, ऑडिओग्रामवरच्या जाड-बारीक आवाजांपैकी लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांवर निदान ३० डेसिबलनं ऐकणं घटलं तर त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात, आणि त्यात आठवडाभर ड्रॉप्स घालून वाट बघणं परवडत नाही. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनं साखर चढते. म्हणून गोळी टाळायची नसते, साखरेच्या डॉक्टरांना सोबत घेऊन ती घ्यायची असते. आणि अशा वेळी रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या गोळ्या किंवा विषाणूविरोधी औषधं भाराभर लिहून दिली जातात, त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत ती देऊ नयेत असंच म्हटलंय.

असं का होतं, याचं उत्तर दहातल्या नऊ जणांत सापडत नाही. विषाणू असेल, आतल्या कानाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमनीत अडथळा असेल. त्या धमनीला पर्यायी वाट नसते आणि आतल्या कानाच्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत. एमआरआय करतात तो मुख्यतः नसेवर गाठ नाही ना, हे बघायला. तुमचा स्वच्छ आलाय, ती काळजी मिटली.

आता “दुसरा कान आहे ना” या वाक्याबद्दल. घरचे ते धीर द्यायला म्हणतात, पण माझ्या मते या दुखण्यात त्या वाक्यानंच सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण पेशंट स्वतःही ते खरं मानायला लागतो. मग रोज संध्याकाळी आपण एवढे का थकतो, माणसांत जायला नको का वाटतं, चिडचिड का होते, याचं कारण त्याला सापडत नाही आणि दोष स्वभावाला जातो.

दोन कान म्हणजे एकाला एक राखीव, असं नसतं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी लागतो आणि डाव्याला एका मिलिसेकंदाच्याही आतल्या फरकानं नंतर लागतो. मेंदू तेवढ्या फरकावरून दिशा ओळखतो. एक कान गेला की दिशा गेली. मी पेशंटला डोळे मिटायला सांगते आणि खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून किल्ल्यांचा जुडगा वाजवते. आवाज कुठून आला ते बोटानं दाखवायचं. बोट दर वेळी चांगल्या कानाकडेच जातं. मी उजवीकडे वाजवलं तरी डावीकडे, मागे वाजवलं तरी डावीकडे. सोबत आलेला नवरा किंवा मुलगा हे बघतो, आणि घरात पहिल्यांदा कुणाला तरी कळतं की नेमकं काय गेलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे डोक्याची सावली. तुमच्या उजवीकडून बोलणाऱ्याचा आवाज डाव्या कानापर्यंत पोचायला डोक्याला वळसा घालून येतो. जाड आवाज वळसा घेतात, बारीक आवाज वाटेतच अडतात. आणि बोलण्यातले स, श, च, त, क हे नेमके बारीक आवाज. म्हणून कुणीतरी काहीतरी बोललं एवढं कळतं, काय बोललं ते कळत नाही. “ऐकू तर येतंय, मग समजत कसं नाही?” हा आरोप तिथूनच येतो. तिसरी गोष्ट, गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायला दोन कान लागतात. एका कानाला पंखा, मिक्सर, टीव्ही आणि माणूस हे सगळं एकाच पोत्यात भरून मिळतं. ते वेगळं काढण्याचं काम मेंदू दिवसभर करतो आणि संध्याकाळी डोकं जड होतं. तो थकवा खरा आहे, तुमचं मन कमकुवत झालंय म्हणून तो येत नाही.

घरच्यांना तुम्ही हे उत्तर वाचायला द्या. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आधी नावानं हाक मारा, ताईंनी तुमच्याकडे बघितलं की मग बोला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलू नका. ओरडून उपयोग नाही, ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं आणि ओठांवरून जे कळतं तेही कळेनासं होतं. थोडं सावकाश, चेहऱ्यावर उजेड असेल असं बोला. न कळल्यास तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. ओठांना मर्यादा असतातच. आरशासमोर आवाज न काढता “बाबा”, “पापा”, “मामा” म्हणून बघा, तिन्हींना ओठ अगदी सारखे हलतात. क, ग, घ तर ओठांवर दिसतच नाहीत.

आणि एक वाक्य घरातून कायमचं काढून टाका. जेवताना सगळे हसतात, ही विचारते “काय झालं?” आणि उत्तर येतं, “काही नाही गं, सोड.” ज्याला सगळं ऐकू येतं त्याला हे वाक्य किरकोळ वाटतं. पण दिवसातून चार वेळा “सोड” ऐकणारं माणूस महिनाभरात विचारायचं सोडून देतं, मग जेवण लवकर आटोपून उठायला लागतं, मग लग्नाला जायचं टाळतं. माझ्याकडे आलेल्या बायका-पुरुषांना रडू फुटतं ते ऑडिओग्राम बघताना नव्हे, हे सांगताना. तो विनोद परत सांगायला दहा सेकंद लागतात. सांगा.

घरचे मनापासून ऐकत नसतील तर एक प्रयोग करा. मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. यजमानांच्या एका कानात तो नीट बसवा आणि एक संध्याकाळ राहू द्या. रात्रीचं जेवण, टीव्ही चालू, त्या बाजूला मुलं. प्लगनं कान पूर्ण बंद होत नाही, तुमच्यापेक्षा त्यांना बरंच जास्त ऐकू येईल. तेवढ्यानंही पुरेसं कळतं.

तुम्हीही एक सवय बदला. “काय?” किंवा “अं?” असं विचारू नका, त्यानं समोरचा अख्खं वाक्य परत म्हणतो आणि वैतागतो. कळलं तेवढं म्हणून दाखवा आणि राहिलं तेवढं विचारा: “बुधवारी यायचंय हे कळलं, किती वाजता?” यात समोरच्याला दिसतं की तुम्ही लक्ष देऊन ऐकताय. बसताना मेलेला कान भिंतीकडे आणि चांगला कान माणसांकडे. हॉटेलात कोपरा गाठा. स्कूटी चालवत असाल तर दोन्ही आरसे हवेतच. हॉर्न ऐकून दिशा ठरवू नका, तुम्हाला तो नेहमी डावीकडूनच आल्यासारखा वाटेल. रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून बघा. बाहेरच्या गर्दीत फोनवरचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’सारखं अॅप मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. चुका करतं, पण डॉक्टरांच्या खोलीत किंवा मीटिंगमध्ये टेबलावर उघडं ठेवायला हरकत नाही.

शिट्टीचं सांगते. कानाकडून येणारा संदेश थांबला की मेंदू आपला आवाज वाढवतो, रेडिओचं स्टेशन लागेना म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवावा तसा. ती खरखर किंवा शिट्टी म्हणजे तेच. ती बंद करणारी गोळी नाही. कुणी सहा महिन्यांचा कोर्स विकत असेल तर पैसे घालवू नका. फरक पडतो तो लक्ष देण्यात. सुरुवातीला मेंदू तिला धोक्याची घंटा समजतो, म्हणून ती रात्री छातीवर बसते. पूर्ण शांततेत झोपू नका. पंखा असू द्या, किंवा पावसाचा आवाज फोनवर अगदी बारीक लावा, शिट्टी बुडेल इतका मोठा नाही, तिच्या शेजारी नुसता वाजत राहील इतका. बहुतेकांना महिन्यांनी ती ऐकू येते पण टोचत नाही, असं होतं. झोप उडालीच असेल किंवा मन फार खचलं असेल तर समुपदेशक गाठा, विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा शिट्टीच्या त्रासावर चांगला उपयोग होतो. शिट्टी नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे, डॉक्टरांना दाखवा.

मशीन. साधं श्रवणयंत्र उजव्या कानाला लावून उपयोग होणार नाही. ९५ डेसिबलच्या कानात आवाज ढकलला तरी शब्द तुटके-फाटके पोचतात आणि चांगल्या कानाच्या कामात ते विघ्नच आणतात. असं यंत्र कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. तुमच्यासाठी ‘क्रॉस’ नावाची जोडी असते. उजव्या कानावर फक्त माइक बसतो, तो तिकडचा आवाज बिनतारी डाव्या कानावरच्या यंत्राकडे पाठवतो. उजवीकडचा माणूस ऐकू येतो, हा फायदा मोठा आहे. दिशा मात्र कळत नाही, आणि उजवीकडे गोंगाट असेल तर तोही इमानदारीनं डाव्या कानात येतो. काही लोक ते आनंदानं वापरतात, काहींचं कपाटात पडतं. म्हणून घरी आणि कामावर आठवडाभर वापरून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दुसरा मार्ग कवटीच्या हाडातून आवाज पलीकडे नेणाऱ्या यंत्राचा. त्याचीही डोक्याच्या पट्ट्यावर बसवून आधी चाचणी घेता येते, शस्त्रक्रिया नंतरची गोष्ट. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ सालापासूनची ही केंद्र सरकारची संस्था आहे, आणि विक्रीचा दबाव नसलेला सल्ला हवा असेल तर मी लोकांना तिथे पाठवते.

दोन कानांनी कळणारी दिशा काही प्रमाणात परत देऊ शकेल असं एकच साधन आहे, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवलेलं, नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र. अमेरिकेत २०१९ मध्ये एका कानाच्या बहिरेपणासाठीही त्याला मान्यता मिळाली. खर्च लाखांत जातो, सरकारी मदतीचा भर लहान मुलांवर आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर त्या कानाला महिनोन्‌महिने ऐकायला शिकवावं लागतं. सुरुवातीला आवाज यंत्रमानवासारखा वाटतो. घाई करू नका. पण विचार करायचा असेल तर दहा वर्षांनी नको, कान फार काळ मुका राहिला तर निकाल कमी येतो.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून सांगते, त्यात धावपळ करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्या दोन्ही कानांची आहे. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाच पट वजन देऊन सहानं भागतात, त्यामुळे एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला तर आकडा १७ च्या आसपास येतो. सवलतींना ४० लागतात. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज नियम असाच आहे.

दुसरा कान जाईल का? हाच प्रकार दुसऱ्या कानाला होणं दुर्मिळ आहे, ही धास्ती घेऊन झोपू नका. पण आता तो एकुलता एक आहे, तेव्हा त्याला तसं वागवा. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की पहिलं वाक्य: “मला एकाच कानानं ऐकू येतं.” जेंटामायसिन, अमिकासिन अशा अँटिबायोटिक इंजेक्शनांनी आतल्या कानाला इजा होऊ शकते, त्यामुळे ती द्यायच्या आधी डॉक्टर पर्याय बघतील. लसूण घालून कडवलेलं तेल, हेअरपिन, बड, काहीही आत जाऊ देऊ नका. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ उभं राहायचं नाही. १०० डेसिबलला पाव तासात दिवसभराचा वाटा संपतो आणि त्या भिंतीजवळ आवाज त्याहून मोठा असतो. लांबून दर्शन घ्या, कानात प्लग घाला. आणि डाव्या कानाला कधी दडा बसलाच तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा आणि मागचा ऑडिओग्राम सोबत न्या. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

राहिली नोकरी. माझ्याकडे एक एसटी कंडक्टर यायचे, तापानंतर डावा कान गेलेला. गाडीत मागून कुणी हाक मारली की ते भलतीकडे बघायचे, पोरं हसायची. त्यांनाही नोकरी सोडायची होती. मग त्यांनी एक वाक्य पाठ केलं: “डाव्या कानानं ऐकू येत नाही, माझ्याकडे बघून सांगा.” आणि तिकीट फाडायच्या आधी गाव आणि संख्या मोठ्यानं म्हणायला लागले: “कराड, दोन फुल, एक हाफ.” ते निवृत्त झाले ते एसटीतूनच.

तुमचंही तसंच आहे. काउंटरवर धोका आकड्यांचा, कारण आपल्याकडे सात आणि साठ, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे गोंगाटात जवळजवळ एकच वाटतात. पण तुमच्यापाशी कंडक्टरपाशी नसलेली गोष्ट आहे: स्लिप. आधी ती वाचा, आकडा आणि अक्षरी दोन्ही. मग ग्राहकाकडे बघून रक्कम तुम्ही म्हणा आणि त्याच्याकडून “हो” घ्या. पैसे मोजून देताना परत म्हणा. शाखाधिकाऱ्यांना कागदावर लिहून द्या की उजव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडे बसणाऱ्या सहकाऱ्यानं हाक न मारता टेबलावर हात आपटून लक्ष वेधावं. काचेतून बोलणं येत नसेल तर छोटा माइक-स्पीकर मिळतो, तो मागा. खुर्ची थोडी तिरकी करा, म्हणजे डावा कान खिडकीसमोर येईल.

आणि नोटा मोजायचं मशीन. ते बहुतेक काउंटरवर डाव्या हाताला असतं आणि फडफडतं ते नेमकं तुमच्या चांगल्या कानाशी. मेलेल्या कानाकडे गोंगाट आणि जिवंत कानाकडे माणूस, अशी मांडणी हवी. सोमवारी गेल्या गेल्या मशीन डावीकडे असेल तर उजवीकडे सरकवून घ्या. वायर पुरत नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड मागून घ्या.